सुदामच्या हातचा चहा

लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर सुदामने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केला आणि रंजिताला आणून दिला. ती गादीवर उठून बसायची खटपट करत होती. सकाळी तिची बोटं ताठ असायची, मनगटं सुजलेली, गुडघे वाकायला तयार नसत. सुदामने कप तिच्या हातात दिला नाही. त्याने चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्या ओठांना लावली.

"गवती चहा घातलाय," तो म्हणाला. "जरा कडवट लागंल. पन सगला पी."

रंजिताला रडू आलं. तिने सगळा प्यायला.

रोडपाली गावठाणात त्यांचं दुमजली घर होतं. सासऱ्याच्या वेळेला जमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तिच्या पैशांवर हे घर उभं राहिलं. वरती राहायचं, खाली खानावळ. जवळच्या स्टील मार्केटात आणि कंटेनर यार्डात इथले डबे जायचे. मासळीचं कालवण कोणीही करतं, पण रंजिताच्या तांदळाच्या भाकरीसाठी ड्रायव्हर लोक दुसरीकडचे डबे सोडून येत. उकड काढायची, गरम असतानाच मळायची आणि परातीत तळव्याने गरगर फिरवत थापायची. भाकरी पापुद्र्यासारखी पातळ व्हायची आणि तव्यावर टम्म फुगायची. खानावळ सुदामच्या नावावर होती, चालायची ती या दोन तळव्यांवर.

आणि आजाराने नेमके तेच धरले होते. सात वर्षांपूर्वी आधी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. कळंबोलीतल्या एका दवाखान्यात कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. पहिल्या आठवड्यातच ती जिने पळत चढायला लागली. मग वर्षानुवर्षं ती त्या गोळ्यांवर राहिली. चेहरा गोल गरगरीत झाला, कातडी इतकी पातळ झाली की बांगडी दाबली तरी निळा डाग उठायचा. शेवटी मुलगी दीपा हट्टाने तिला पनवेलला सांधेवाताच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. सुदामही सोबत होता.

डॉक्टरबाईंनी गोळी ओळखली. "ही स्टेरॉइड आहे. आग विझवते, पण घरही पोखरते. तुमचा आजार मुळातच हाडं पातळ करतो. त्यात तुमची पाळी लवकर गेली. त्यात ही गोळी. हाडं भुसभुशीत होतील, साध्या धक्क्याने मोडतील." मग त्यांनी सुदामकडे बघून सांगितलं, "ही हळूहळू बंद करू. दुसरी गोळी देते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर दुखेल. तुम्ही घरच्यांनी सांभाळून घ्यायचं."

"व्हय मॅडम," सुदाम म्हणाला.

पांढरी गोळी सुटली आणि दुखणं दुपटीने परत आलं. रंजिता रात्रभर कण्हायची. परातीत हात घातला की डोळ्यांतून पाणी यायचं. सासूने, हौसाबाईने, काही दिवस भाकऱ्या थापल्या; त्या जाड निघाल्या आणि अर्ध्या डब्यातून तशाच परत आल्या. हौसाबाई पंच्याहत्तरीची होती, अजून पाठ ताठ. तरुणपणी मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई.

"आमी मिठाच्या पाट्या वाहिल्या गो, तलवं फाटलं तरी," ती सुनेला ऐकू जाईल असं म्हणायची. "ही पिठाच्या गोल्याला घाबरतंय."

डबे कमी झाले. यार्डातल्या एका कंपनीने दुसरी खानावळ धरली. आणि त्यानंतरच्या आठवड्यात सुदामने चहा करायला सुरुवात केली.

आठ-दहा दिवसांत रंजिताची बोटं उघडली. सकाळी उठल्याबरोबर ती ओट्यापाशी जाऊन उभी राहू लागली. नव्या गोळीचा गुण आला असं ती समजली. डॉक्टरबाईंनाही बरं वाटलं. डबे वाढले, पहिल्यापेक्षा जास्त. सुदाम मात्र चहा द्यायचा थांबला नाही. पाऊस असो, त्याला ताप असो, पहाटे उठून तो स्वतः आधण ठेवायचा, आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोर बसून राहायचा.

रंजिताची थोरली बहीण मनिषा करंजा बंदराला राहायची. विधवा, सुक्या मासळीचा धंदा. फोनवर रंजिता तिला म्हणाली, "दुखनं आलं त्ये बरंच झालं गो, ताई. मना मानूस मिलाला."

"माझा मेला तवरी त्यानं मना पान्याचा तांब्या दिला नाय," मनिषा म्हणाली. "तुझं नशीब."

वर्ष गेलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई रंजिताच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. गाल पुन्हा भरले होते, मानेमागे चरबीचा उंचवटा आला होता, हातावर निळे डाग होते. साखर वाढली होती.

"ती गोळी परत सुरू केलीत?"

"नाही मॅडम."

"खरं सांगा."

"दीपाची शपथ."

"सगळ्याच शपथा घेतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी हाडांची घनता मोजायची तपासणी लिहून दिली. घरी आल्यावर सुदाम म्हणाला की दीपाच्या साखरपुड्यानंतर बघू. दीपाला उलव्याचं एक चांगलं स्थळ आलं होतं, बोलणी चालू होती. रंजितालाही ते पटलं.

साखरपुड्याच्या आधीच ते घडलं. सुदामच्या मोटरसायकलवर मागे बसून ती बाजारातून येत होती. मांडीवर कोलंबीची पिशवी होती. रस्त्यात गतिरोधक होता, रोजचाच. गाडी त्यावरून उडाली आणि रंजिताच्या पाठीत खाडकन काहीतरी बसलं. तिला ओरडताही आलं नाही. श्वासच अडकला. सुदामने गाडी थांबवली तेव्हा ती त्याच्या पाठीवर कपाळ टेकून नुसती हुं हुं करत होती. कोलंबी रस्त्यावर सांडली होती, आणि तो आधी ती गोळा करायला वाकला.

पाठीचा एक मणका चेपला होता. आता ती तपासणी झालीच. यंत्राखाली ती उताणी पडली, वरून एक दांडा सरकत गेला, बस, एवढंच. डॉक्टरबाईंनी कागद समोर धरला.

"तुमचं वय सेहेचाळीस. अशी हाडं तुमच्या सासूच्या वयाच्या बाईचीही नसतात. आज मणका गेला. उद्या मनगट जाईल, परवा खुबा. खुबा मोडला तर अंथरुणातून उठणं कठीण." त्यांचा आवाज चढला. "आणि तुम्ही अजून मला खोटं सांगता. माझं काही जात नाही, रंजिताबाई. मी वर्षभर चांगलं औषध देतेय आणि तुम्ही मागच्या दाराने विष खाताय."

"मी नाही खात हो," रंजिता म्हणाली. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना सगळं ऐकू जात होतं.

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सुदामने रंजिताच्या पाठीला हात लावून तिला सावकाश बाहेर आणलं. "जाव दे," तो म्हणाला. "डाक्तर लोकांचं असंच असतं. मना म्हाईत हाय ना तू खोटं नाय बोलत." त्या एका वाक्यावर तिने तो सगळा दिवस काढला.

पाठीला पट्टा बांधून ती पुन्हा ओट्याशी आली. उभं राहवत नसे म्हणून सुदामने उंच स्टूल आणलं. साखरपुडा झाला, जावयाकडची माणसं तिच्या भाकरीचं कौतुक करून गेली. मग सुदाम मित्रांबरोबर चार दिवस गोव्याला गेला. निघताना त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चार दिस तर हायत," तो म्हणाला. "काय व्हतंय?"

पहिल्या सकाळी हौसाबाईने चहा दिला. गवती चहा त्यातही होता, पण तो कडू लागला नाही. रंजिताला एवढंच वाटलं की सासूचा हात साखरेला सैल आहे.

दुसऱ्या दिवशी तिचे सगळे सांधे पेटले. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, उभी राहिली की डोळ्यांपुढे काळोख यायचा, अंगात जीव म्हणून राहिला नाही. दीपा कामावर न जाता तिला रिक्षात घालून पनवेलला घेऊन गेली. रक्तदाब इतका खाली होता की नर्सने दोनदा मोजला. डॉक्टरबाईंनी शिरेतून सलाईन आणि एक इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत रंजिताच्या गालांवर रंग आला.

डॉक्टरबाई खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. "ही गोळी रोज घेणाऱ्याने एकदम थांबवली की असं होतं. शरीर स्वतःचं काम विसरून गेलेलं असतं. तुम्ही परवापासून ती थांबवलीत. का थांबवलीत तेवढं तरी सांगा."

"मॅडम, आईच्या गोळ्यांचा डबा मी भरते," दीपा म्हणाली. "त्यात तुम्ही दिलेलंच असतं. ती दुसरं काही घेत नाही."

"मग परवापासून काय बदललं?"

रंजिताने डोळे मिटले. चव तिच्या जिभेवर आली. फुंकर घातलेली बशी, समोर बसलेला सुदाम, शेवटच्या घोटाला तळाशी राहणारा तो कडवटपणा. तो रोज म्हणायचा, सगळा पी.

"काही नाही बदललं," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. दीपाला मात्र तिने घरी गेल्यावर सांगितलं.

दीपा भिंतीला टेकून ऐकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती रडली, मग तिने तोंड धुतलं. "आई, बाबांनी वाईट केलं," ती म्हणाली. "पण लग्न होईपर्यंत बाहेर कुठे बोलू नकोस हां. त्यांच्याकडे कळलं तर काय म्हणतील?"

हौसाबाई दारात उभी होती. तिने लपवालपवी केली नाही. "मना म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "गोली देत व्हता, भीक नाय मागायला लावली तुला. त्या गोलीनं तू दीड वरीस चाललीस. मग?"

सुदाम गोव्याहून काजू घेऊन आला. रंजिता खाली खानावळीत स्टुलावर बसली होती. तिने विचारलं आणि त्याने काजूची पिशवी ओट्यावर ठेवून सरळ उत्तर दिलं.

"व्हय. दोन गोल्या घालीत व्हतो."

"डाक्तर तुमच्यासमोर बोलली व्हती. हाडं मोडतील म्हनून."

"तू रातभर रडायचीस. मना बघवत नव्हतं."

"आनि डबं?"

सुदामने थोडा विचार केला. तो खोटं बोलणार नव्हता. "डबं पन," तो म्हणाला. "घर चालवायचं का नाय? दीपाचं लगीन कशावर करायचं? तू भाकऱ्या थापल्यास म्हनून तर स्थल आलं."

"मना डाक्तरबाईनं सगल्यांच्या समोर खोटारडी केली. तुमी बाजूला हुभं व्हतात."

"म्हनून तर तुला बोललो ना, तू खोटं नाय बोलत." आणि तो हसला, ओशाळून नाही, समजूत घालावी तसा. "आता बघ, मी चार दिस नव्हतो तर तू मरायला टेकलीस. मी रोज देत व्हतो म्हनून जित्ती व्हतीस. त्यात वायट काय क्येलं मी?"

रंजिता स्टुलावरून उतरली. आयुष्यात तिने कोणावर हात उचलला नव्हता, पोरीवरही नाही. तिने उजवा हात होता तेवढ्या जोराने त्याच्या तोंडावर मारायला फिरवला. सुदामने तोंड वाचवायला कोपर वर केलं. तिचं मनगट त्याच्या कोपरावर आपटलं आणि ओलं लाकूड पिचावं तसा आवाज झाला. तो आवाज दोघांनीही ऐकला.

तिने हाताकडे बघितलं. मनगटाच्या जरा वर तो भलत्याच जागी वाकला होता.

"बघ," सुदाम हळू आवाजात म्हणाला. "मी नाय काय क्येलं. तूच."

त्याने तिला डब्यांच्या टेंपोत पुढे बसवलं. प्रत्येक गतिरोधकाला तो गाडी जवळजवळ थांबवत होता आणि तिच्याकडे बघत होता. तिचा घाम तो आपल्या रुमालाने पुसत होता. तिने त्याला ते करू दिलं, कारण डाव्या हाताने ती उजवा हात धरून बसली होती.

"बाथरूममदी पडली," पनवेलला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात त्याने सांगितलं.

"नाही पडले," रंजिता म्हणाली. "मी यांच्या तोंडात मारत होते."

प्लॅस्टर घालणारा माणूस फस्सकन हसला. त्याला वाटलं ही गंमत करते आहे. मग तिने सगळं सांगितलं. चहाचं, गोळ्यांचं, दीड वर्षाचं. डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं तिच्याशी, पण ते बोलणं त्यांना जमलं नाही, म्हणून त्या सुदामवर ओरडल्या. चांगली दहा मिनिटं ओरडल्या. सुदाम हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. "अडानी मानूस हाय मॅडम, चूक झाली," असं दोनदा म्हणाला.

"ही गोळी आता एकदम बंद करता येणार नाही," शेवटी डॉक्टरबाई दमून म्हणाल्या. "थोडी थोडी कमी करायची. एकही दिवस चुकवायचा नाही. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देऊ." त्यांनी गोळ्यांची पाकिटं पुढे केली. रंजिताचा एक हात प्लॅस्टरात होता, दुसऱ्याची बोटं मिटत नव्हती. डॉक्टरबाईंचा हात हवेत जरा थांबला, आणि पाकिटं त्यांनी सुदामच्या हातात दिली.

गावात हौसाबाईने आपल्या पद्धतीने गोष्ट सांगितली. नवऱ्यावर हात उचलला आणि देवाने तिचाच हात मोडला. दीपाच्या हळदीला मांडवात बायका गोल करून बसल्या होत्या. रंजिता बाजूला खुर्चीत होती, पाठीला पट्टा, हाताला प्लॅस्टर, नवी पैठणी. हौसाबाईने सुनेचा मार कसा फुकट गेला ते हातवारे करून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या. उलव्याची एक म्हातारी रंजिताजवळ येऊन प्लॅस्टरवर बोटाने टकटक करून म्हणाली, "खरं काय गो?" पलीकडे सुदाम पाहुण्यांना वाढत होता, त्यानेही ऐकलं आणि हसून मान हलवली. दीपा पाटावर बसली होती. तिने आईकडे बघितलं नाही.

लग्न लागलं आणि पाठवणी झाली. रंजिताने मनिषाला फोन केला. "मना न्यायला ये," एवढंच म्हणाली. सुदामने अडवलं नाही. खानावळीत त्याने सोनाबाई नावाची बाई ठेवली होती आणि तिच्या भाकऱ्या बऱ्या होत होत्या.

करंजाला मनिषाने तिला मागची खोली दिली. पण माया करायला तिला वेळ नव्हता. बंदरावर पहाटे लिलाव, मग मासळी वाळवणं, मग बाजार. "बसून खायाला कोनी घालनार नाय, मी पन नाय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. रंजिता वलांडीखाली, बोंबील टांगून वाळवायच्या बांबूंच्या मांडवाखाली, खुर्ची टाकून बसायची आणि काठी आपटून कावळे-मांजरं हाकलायची. मनिषा तिच्या गोळ्या काढून द्यायची, तिच्या डोळ्यांसमोर, आणि पुढच्या कामाला लागायची. पांढरी गोळी महिन्यामहिन्याने कमी होत संपली. सांधे पुरते शांत झाले नाहीत. मनगट वाकडं जुळलं. पाठीला बाक आला. उंची इतकी कमी झाली की जुने परकर जमिनीवर लोळायचे.

आणि रोज तिथे बसून ती मनातल्या मनात सुदामला नाही म्हणायची. तो येणार, याची तिला खात्री होती. सोनाबाई कधीतरी सोडून जाईल, डबे परत यायला लागतील आणि तो न्यायला येईल. तेव्हा काय म्हणायचं ते ती मनात घोळवत राहायची. कधी लांबलचक सुनवायची, कधी एकाच शब्दात. शेवटी एकच शब्द चांगला असं तिने ठरवलं.

तो आला, होळीच्या जरा आधी. टेंपो बंदराच्या रस्त्यावर लावून वलांडीखालून वाकून आला. त्याने तिची तब्येत विचारली. मग म्हणाला, "सोनाबाई ग्येली. कलंबोलीत सोताची खानावल टाकलीन तिनं. गिऱ्हाईक पन न्येलंन."

शब्द रंजिताच्या तोंडात तयार होता.

सुदाम तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. आधी उजवा. उलटा केला, सुलटा केला. वाकड्या मनगटावरून अंगठा फिरवला. मग बोटं एकेक करून दाबली, मुठीत मिटतात का ते बघितलं. ती अर्ध्यावरच अडत होती. डावा हातही त्याने तसाच तपासला. तळव्यावर तळवा ठेवून जरासा दाब दिला, परातीत पीठ दाबावं तसा. रंजिता कळवळली.

त्याने हात सावकाश तिच्या मांडीवर परत ठेवले आणि उठला. गुडघ्यांवरची वाळू झटकली.

"ऱ्हाव दे मंग," तो म्हणाला.

जाताना त्याने मनिषाकडून किलोभर सुके बोंबील घेतले. टेंपो वळून दिसेनासा झाला तरी रंजिता तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली होती. तिच्या मागे एका मांजराने खालचा एक बोंबील ओढून पळवला.

"मी नाय म्हननार व्हते गो," ती म्हणाली. "ताई, मी त्याला नाय म्हननार व्हते."

"मंग म्हनायचं व्हतं," मनिषा म्हणाली आणि रिकाम्या झालेल्या जागी ओले बोंबील टांगू लागली.